काडी आणि केर

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "पुढचं रीजन माणसाचा हात न लागता उघडायचं," आणि माझ्याकडे बघून गोड हसले. साहेब गोड हसले की समजावं, काहीतरी शिजतंय.

आमची कंपनी लोकांना कॉम्प्युटर भाड्याने देते. नव्या प्रदेशात धंदा काढायचा म्हणजे तिथे डेटा सेंटरच्या इमारती, त्यांत मशीनच्या रांगा, आणि त्या मशीनवर आमच्या शेकडो सर्व्हिस. एवढं सगळं मिळून एक रीजन. बांधणारे इमारती बांधून मोकळे होतात. पुढे त्या थंडगार पेट्यांत जीव ओतायचा कुणी? तर आम्ही तिघांनी. मी, नेटवर्कवाला उस्ताद आणि मौनी. मौनी हे नाव उस्तादने ठेवलेलं, कारण ती बया झोपेतसुद्धा गप्प बसत नसेल.

बाहेरच्यांना वाटतं, बटणं दाबली की झालं. डोंबल! लॉगिनची सर्व्हिस चालू व्हायला कुणाकुणाला आत सोडायचं त्या नावांचा साठा लागतो, आणि साठा म्हणतो, आधी लॉगिन दाखव, मग दार उघडतो. दोघं रुसलेल्या जावांसारखे अडून बसतात. तेव्हा मी माझ्या लॅपटॉपवर एक छोटंसं तात्पुरतं लॉगिन उभं करायची. त्याच्या जोरावर साठा उघडायचा, मग खरं लॉगिन चालू करायचं, आणि ते नीट चालायला लागलं की आपलं काढून घ्यायचं. याला आम्ही काडी म्हणायचो. काडी लावायची आणि बाजूला व्हायचं. त्यामुळे ऑफिसात माझी ख्याती 'काड्या लावणारी बाई' अशी झाली, आणि माझा स्वभाव बघता ती कुणाला खोटीही वाटली नाही.

तर हा सगळा उद्योग प्रोग्रामात बसवायचं काम साहेबांनी कुणाला द्यावं? माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला. आई गेल्यापासून तो माझ्याच घरात वाढला, आणि कंपनीत त्याला चिकटवलाही मीच. लग्न झालं तसा वेगळा राहायला गेला, इतकंच.

मीटिंग संपल्यावर मी साहेबांना दारातच गाठलं. आडपडदा ठेवणं मला जमत नाही. "उस्तादच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, मौनी घरातली एकटी कमावती. प्रोग्राम आला की आम्ही घरी बसायचं का?"

"छे छे, काहीतरीच काय!" साहेब म्हणाले. "प्रोग्राम उघडेल, पण सांभाळणार कोण? तुम्हीच तिघं. नव्या रीजनवर."

साहेबांच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नव्हता. भावावर होता. म्हणून उस्ताद आणि मौनीला मी छातीठोक सांगितलं, "धाकटा आहे ना तिथे. तो आपल्या पोटावर पाय येऊ देईल का?" उस्ताद निवांत झाला. मौनी तर पुढच्या सुट्टीत कुठे फिरायला जायचं ते सांगायला लागली, आणि ते संपेपर्यंत आमची जेवणाची सुट्टी संपली.

मग धाकटा रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायला लागला. ताटाशेजारी लॅपटॉप. एक घास, एक प्रश्न. "ताई, साठा उघडलाच नाही तर?" "ताई, काडी किती वेळ ठेवायची?" मी पोळ्या लाटता लाटता सगळं सांगायची. जे कुठल्याही पुस्तकात नाही, जे वीज गेलेल्या, पाणी शिरलेल्या इमारतींत धडपडून कळलेलं, ते सगळं. माझा नवरा एकदा म्हणाला, "याला भूक नक्की कशाची लागलीय?" मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, एवढी वर्षं झाली तरी माझ्या माहेरच्या माणसाचं जेवणच डोळ्यांवर येतं का तुमच्या?

एक गोष्ट मात्र मी धाकट्याला कानीकपाळी ओरडून सांगितली. काडी पेटली की विझवून फेकायची. ती राहिली तर तिच्या आधाराने कुणीही आत शिरेल. आणि नुसती काडीच नाही. बांधकामवाल्यांची दाराची कार्डं, चाचणीपुरते पासवर्ड, अर्धवट सोडलेल्या सर्व्हिस, कामाचं नसलेलं काही म्हणजे काही मागे ठेवायचं नाही. "शेवटी केर काढायचाच," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. "मग असं करतो ताई. रीजनमध्ये काय काय, कोण कोण असायला हवं ते मी आधी लिहून ठेवतो. जे लिहिलेलं नाही ते प्रोग्राम शेवटी आपोआप पुसून टाकेल."

"वा रे माझ्या राजा!" मी म्हटलं, आणि त्याच्या पोळीवर आणखी तूप वाढलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. मला वाटलं, दमलाय.

रीजन उघडायच्या दिवशी आम्ही तिघं त्या नव्या इमारतीत होतो. काम काहीच नाही, नुसतं बघायचं. धाकट्याने आपल्या ऑफिसातून प्रोग्राम सोडला. पडद्यावर एकेक सर्व्हिस हिरवी व्हायला लागली. साठा अडला, प्रोग्रामाने स्वतःच काडी लावली, लॉगिन उभं राहिलं, काडी विझली. नेमकं माझ्यासारखं, फक्त शिव्या न घालता. मौनी पहिल्यांदाच गप्प होती. उस्ताद म्हणाला, "अगं, आपली सगळी हमाली याने चहा निवायच्या आत केली की!" माझे डोळे भरून आले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

धाकट्याला शाबासकी द्यायची होती, पण मशीनच्या घरघरीत फोनवर बोलता येत नाही, म्हणून मी बाहेर निघाले. तिथून बाहेर पडताना दोन काचेची दारं लागतात, आणि मध्ये माणूस उभा राहील एवढीच जागा. मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. मागचं बंद झालं. पुढच्याला कार्ड लावलं तर लाल दिवा. पुन्हा लाल. मागे वळून लावलं, तिथेही लाल. काचेपलीकडे उस्तादने आपलं कार्ड लावून पाहिलं, मौनीने लावलं. सगळ्यांचं तेच.

माझ्या लक्षात आलं आणि हसूच फुटलं. मी तिथूनच धाकट्याला फोन लावला.

"अरे गाढवा, केर काढताना आम्हालाच झाडलंस की! आमची नावं लिहायला विसरलास. टाक पटकन, मी इथे बरणीतल्या लोणच्यासारखी अडकलेय."

पलीकडून फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकू येतंय का?"

"विसरलो नाही, ताई."

"म्हणजे?"

"तिघांची नावं नकोत असं साहेबांनी सांगितलं होतं. ते तुला आज संध्याकाळी स्वतः सांगणार होते. प्रोग्राम जरा लवकर आटपला."

"कधी सांगितलं होतं तुला?"

"काम दिलं तेव्हाच."

"तेव्हाच? माझ्याकडे जेवायला यायला लागलास त्याच्या आधी?"

"ताई, मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलंच असतं. आणि तू सगळं समजावून सांगितलंस म्हणून निदान नीट तरी झालं."

नीट झालं! हे तो माझी समजूत काढायला म्हणत होता. माझ्या तोंडाला शिव्यांचा कधी तोटा नसतो, पण त्या वेळी एकही सुचेना. याला मी हाताने भरवलं होतं.

"दार उघड," मी एवढंच म्हटलं.

"मला नाही गं उघडता येत. आता तिथे हाताने काही बदलताच येत नाही, तसंच केलंय. गार्डला बोलाव, तो पाहुणे म्हणून सोडेल तुम्हाला." आणि त्याने फोन ठेवला.

मागून काचेवर टकटक झाली. मौनी काचेला नाक लावून विचारत होती, "काय म्हणतोय धाकटा?" आवाज अगदी बारीक येत होता. मी हाताने 'थांब' अशी खूण केली, तशी ती घाबरून उस्तादकडे वळली. उस्तादने कार्ड खिशात टाकलं, दुखरा गुडघा चोळत खाली बसला आणि तिला म्हणाला, "घाबरतेस काय एवढी? ताईचा भाऊ आहे तो. करेल आपलं."

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि कट झालेला फोन तसाच कानाला धरून उभी राहिले, म्हणजे त्यांना वाटावं की तो अजून बोलतोय.