अळणी उतारा

"भुताला चटनी कवापासून लागाया लागली, पाटील?"

आसारामनं काठीच्या टोकानं टोपलीतली भाकरी उलटी केली. खाली कारळाच्या चटणीचा गोळा निघाला, मीठ-लसूण घालून कुटलेला. लिंबू, कुंकू, काळी चिंधी, बाकी सगळं उताऱ्याचं सामान बिनचूक होतं. पण उतारा म्हणजे अळणी. भुताखेताला मीठ चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हातारी सारजाबाई चिंचेखाली वाट अडवून उभी होती. तिच्या मागं मेंढरांचं वाडगं होतं, वाडग्याला लागून खोपट, आणि खोपटात लोकरीच्या ढिगाआड याच आसारामची बायको वच्छला श्वास दाबून बसली होती. नवऱ्यानं तव्यावर दाबून भाजलेले तळहात घेऊन ती नेकनूरहून अनवाणी चालत आली होती, आणि तिच्या मागावर आसाराम इथल्या पाटलांना घेऊन चिंचेपर्यंत पोचला होता.

आता या उताऱ्याचं काय गौडबंगाल, ते सांगायला हवं. या चिंचेवर हडळ आहे अशी बोलवा होती. कुणा जुन्या काळच्या बाईची. नाव-गाव कुणाला माहीत नाही. पुरुष इकडं दिवसाढवळ्याही फिरकत नसत. पण बोलवा काय आपोआप टिकते? गावच्या बायकांनी ती दुधातुपावर पोसली होती. एखादीचं पोर किरकिरलं, एखादीची म्हैस आटली, की भाकरी ओवाळायची आणि टोपली थेट चिंचेखाली. उताऱ्याला कुणी हात लावत नाही, ओलांडत नाही, आत काय आहे विचारत नाही. त्या भाकरीवर सारजाबाईच्या आसऱ्याला आलेली बाई तग धरायची. माहेरी निरोप मेंढरांमागं हिंडणाऱ्या धनगरणी न्यायच्या. चावडीवर जाण्यात अर्थ नव्हता. तिथले लोक बाईला नवऱ्याच्या हवाली करून मोकळे होत.

ही युक्ती पाटलीणबाईंची, जानकीबाईंची. आजचा उतारा त्यांच्याच घरचा, पण टोपली भरली होती नव्या सुनेनं, चंद्रभागेनं. मार खाऊन आलेल्या बाईनं कोरडी अळणी भाकरी गिळायची तरी कशी, म्हणून त्या पोरीचा जीव तुटला आणि तिनं चटणी खाली लपवली. आता बोलणार काय तिला!

सारजाबाईला स्वतःला हडळीची भीती कधीच वाटली नाही. तिची एकुलती एक लेक, रतन, सासरी नेकनूरच्या विहिरीत गेली होती. तिन्हीसांजेला चिंचेचा पाला हलला की सारजाबाई दाराशी येऊन म्हणायची, "कोन गं?" कधी कुणी ओ दिली नाही. हडळ होऊन का होईना, पण ये, असं तिला कितीदा तरी वाटलं होतं. मात्र दुसऱ्या कुणी तसं म्हटलेलं तिला खपत नसे. "चिंचेवरली तुझी रतन तर न्हाई ना गं?" असं एकीनं सहज विचारलं, तर सारजाबाईनं तिच्याशी कायमचा अबोला धरला. लेक गेली होती. तिचं नाव तेवढं चांगलं राहिलं होतं.

"बोल की म्हातारे," आसाराम म्हणाला. "मीठ खातंय म्हंजी जित्तं मानूस हाय आत. पाटील, तुमी बघता का मी बघू?"

त्रिंबक पाटील चटणीकडं बघत होते. दुपारी त्यांच्या ताटात हीच होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

आसाराम टोपलीला वळसा घालून पुढं आला.

"थांब रं मुडद्या," सारजाबाई म्हणाली. "चटनी मीच मागून घेतली. तिला लागती."

"कुनाला?"

सारजाबाईनं एकदा खोपटाकडं पाहिलं.

"माझ्या रतनला."

आसारामचा पाय जागच्या जागी थबकला. रतनला विहिरीतून वर काढताना दोर धरणाऱ्यांत तो होता.

"तुमच्या गावातनं मार खाऊन आलती लेक माझी," सारजाबाई म्हणाली. "मी ताट वाढलंतं. भाकरी आन् कारळाची चटनी. एक घास तोंडात घातला न्हाई तर तुमची मानसं दारात. बायकोची जागा नवऱ्याच्या घरी म्हनं! भरल्या ताटावरनं उठवली रं तिला. लई भुकेली हाय ती, अळनी चालत न्हाई. जा, आतच बसलीया. दोर धरलातास न्हवं? वळखशील की."

खोपटात लोकर सळसळली. वाडग्यातली एक मेंढी ओरडली. आसारामच्या हातातली काठी खाली आली होती.

"चल, आसाराम," पाटील हळूच म्हणाले. "मेलेल्याच्या ताटाला काठी लावू नये."

तो गेला. मागं वळून बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

वच्छला बाहेर आली आणि रडत सारजाबाईच्या पायाशी वाकली. तिचे तळहात धड टेकतही नव्हते.

"मावशी, माझ्यापाई तुमी लेकीला हडळ केलं..."

"आदी जेव," सारजाबाई म्हणाली. भाकरी मोडून, चटणी लावून तिनं स्वतः घास भरवला. "समदं संपव. संपल्याबिगर उठू नगंस."

पुढं वच्छलेचा भाऊ आष्टीकडून आला आणि तिला घेऊन गेला.

गोष्ट मात्र गावभर झाली. पुरुष आता चिंचेच्या सावलीलाही येईनात. बायका टोपल्या ठेवायच्या, त्यात चटणी उघड्यावरच असायची, जाताना म्हणायच्या, "रतन, जेव गं बाई." गुरांमागची पोरं लांबून ओरडायची, "रतन आली रं, रतन आली! पळा!"

सारजाबाई वाडग्यात लोकर पिंजत होती तेव्हा तिनं ते पहिल्यांदा ऐकलं. तिचा हात थांबला. कितीतरी वर्षांत ते नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं.

पाला हलला. या वेळी तिनं "कोन गं" विचारलं नाही. उठून टोपली उचलली, भाकरीचा एक तुकडा मोडून चिंचेच्या बुंध्याशी ठेवला, आणि उरलेली आत घेऊन गेली. आत आज गेवराईकडची एक पोर आली होती.