शेऱ्याचा रकाना

पूर ओसरला की आमचं काम सुरू होतं. आधी होड्या जातात, मग धान्याच्या गोण्या, मग फोटो काढणारे. सगळे येऊन गेले की आम्ही जातो, गरजा मोजणारे. लोकांना वाटतं, एवढं विचारून घेतायत म्हणजे काहीतरी देतील. मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर आठ वर्षं मी हे काम जीव ओतून केलं.

पद्धत सोपी आहे. जमिनीवर सात चित्रं मांडायची: पाणी, धान्य, घर, दवाखाना, शाळा, रस्ता, शेती. प्रत्येक घरातल्या एका बाईच्या हातात दहा खडे द्यायचे. ज्याची निकड जास्त, त्या चित्रावर जास्त खडे. नंतर खडे मोजून तक्त्यात भरायचे. तक्त्याच्या शेवटी एक रुंद रकाना असतो, शेरा. चित्रांत जे मावलं नाही ते तिथे लिहायचं.

हे सगळं मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे आमच्या संस्थेचे पाहणीप्रमुख. "आकडे कोणीही आणतं," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शेरा लिहिता आला पाहिजे." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. वडील गेले तेव्हा मला नोकरीला त्यांनीच लावलं. माझा पहिला अहवाल तीनदा परत लिहायला लावला आणि चौथ्यांदा सगळ्या कचेरीसमोर वाचून दाखवला. तेव्हापासून सरांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तर मी कंदील शोधायला गेले असते.

यंदा कुंभारांची आळी बुडाली. तिथे माझी सख्खी मावशी राहते. नात्यातल्या गावाची पाहणी आपण करायची नाही असा आमचा नियम आहे, आणि मी तो सरांना सांगितलासुद्धा. ते म्हणाले, "तूच जा. तुझ्यापुढे मोकळेपणाने बोलतील." मला केवढा अभिमान वाटला होता.

आळी नदीच्या वळणावर आहे, कारण माती तिथे आहे. चिकट, काळी, बोटांना लगडून राहणारी माती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. भिंतींवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. चाकं गाळात रुतली होती. भट्ट्या बसल्या होत्या आणि त्यांच्यावरची छपरं कुठे गेली ते नदीलाच ठाऊक. मावशी अंगणात फावड्याने गाळ ओढत होती. मला बघून ती थांबली.

"आली का खारूताई," ती म्हणाली. लहानपणी मी एका जागी बसत नसे, तेव्हापासून हे नाव चिकटलंय. "सहाशे मडकी वाळत घातली होती बघ. भाजायच्या आधीच गेली. नदीने दिलेली माती नदीनेच नेली, आता भांडायचं कोणाशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्केचाळीस घरांच्या एक्केचाळीस बायका शाळेच्या ओट्यावर बसल्या. मी चित्रं मांडली. मावशी कमरेवर हात ठेवून सगळ्या चित्रांवरून एक फेरी मारून आली.

"यात चाक कुठंय?"

"चाक नाहीये, मावशी."

"भट्टी?"

"तीपण नाही."

"मग काय, शेतीवर टाकू? आमच्यात कुणाच्या बापाने शेती केलीय?"

बायका हसल्या. मावशीची जाऊ, हाडाची काडं झालेली आणि फार कमी बोलणारी बाई, म्हणाली की कोळशाने एक चाक काढू, त्याला काय लागतं. खरंच काही लागलं नसतं. एक कोरा कागद आणि कोळसा. पण तेवीस गावांत चित्रं तीच ठेवायची होती, नाहीतर आकड्यांची तुलना जमत नाही. अशा वेळी काय करायचं तेही मला सरांनीच शिकवलेलं होतं.

"घरावर टाका," मी म्हणाले. "चाक घरात असतं, भट्टी अंगणात असते. घरावर टाका, बाकीचं मी शेऱ्यात लिहिते. काळजी करू नका."

"कागदावर घर नि तोंडाने चाक," जाऊ म्हणाली. "मला नाही पटत."

"टाक गं," मावशी म्हणाली. "आपलीच पोर आहे. ती काय आपल्याला बुडवणार आहे?"

मग खडे पडायला लागले. घराच्या चित्रावर एवढा ढीग झाला की चित्र दिसेना. मावशीने आपले दहाच्या दहा खडे तिथेच ओतले आणि माझ्याकडे बघून हसली. त्याच वेळी आमच्या माणसाने फोटो काढला.

त्या संध्याकाळी मावशीच्या ओल्या ओसरीवर बसून मी शेरा लिहिला. रकाना पुरला नाही म्हणून मागच्या बाजूला गेले. इथे घर म्हणजे चाक आणि भट्टीवरचं छप्पर, असं लिहिलं. नव्या घराची मागणी एकीनेही केलेली नाही, लोकांना नदीजवळच राहायचं आहे, माती नसेल तर यांचं पोट चालणार नाही, हे सगळं लिहिलं. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झकास लिहितेस गं."

पाच आठवड्यांनी मावशीच्या मुलीचा फोन आला. शाळेच्या भिंतीवर नोटीस लागली होती. आळीतल्या एक्केचाळीस कुटुंबांच्या मागणीनुसार त्यांना वरच्या माळावर नवी घरं देण्यात येत आहेत. पुढच्या पावसाळ्याच्या आत आळी मोकळी करायची. माळ नऊ किलोमीटरवर आहे. तिथे मुरूम आहे, खडक आहे, वारा आहे. चाकावर चढेल अशी मूठभर माती नाही.

"नोटिशीवर तुझं नाव आहे," ती म्हणाली. "आणि आईचा फोटो. हसतेय त्यात."

मी तशीच कचेरीत गेले. वाटेत मी सरांच्या बाजूने शंभर कारणं शोधली. टाइप करणाऱ्याने घोळ घातला असेल. मागची बाजू बघायची राहिली असेल. सरांना कळलं की ते ताडकन उठतील, फोन फिरवतील. खरं सांगते, कचेरीचा जिना चढेपर्यंत मला त्यांच्यासाठीच वाईट वाटत होतं.

सर चहा पीत होते. त्यांनी मला बस म्हटलं आणि माझ्यासाठीही चहा सांगितला.

"सर, माझा शेरा गळलाय."

"गळला नाही. मीच काढायला सांगितला. वर पाठवलेल्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नाही, कुठल्याच गावाचा नाही."

"पण शेऱ्याशिवाय त्या खड्यांचा अर्थ उलटा होतो."

"हे बघ," सर अगदी प्रेमाने म्हणाले, तेच मला जास्त लागलं. "माळावरची घरं दोन वर्षांपूर्वी मंजूर झालीत. बांधून तयार आहेत. राहायला कोणी जात नाही. रिकामी राहिली तर आपल्याला पुढचा निधी मिळणार नाही. घर मागणारं एक गाव दाखवायला हवं होतं."

"त्यांनी मागितलं नाही."

"चारशे दहा खड्यांतले तीनशे ऐंशी घरावर आहेत. तूच मोजलेस."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाक नसलेली चित्रं त्यांनीच निवडली होती. चित्र नसेल तर घरावर टाकायला लाव, हे त्यांनीच शिकवलं होतं. आणि त्या आळीत दुसरं कोणी गेलं असतं तर बायकांनी असे डोळे झाकून खडे टाकले नसते, म्हणून नियम मोडून मला पाठवलं होतं. मला वाटलं होतं माझ्या कामावर त्यांचा भरवसा आहे. त्यांचा भरवसा माझ्या मावशीवर होता.

"मूळ कागद द्या," मी म्हणाले.

"ते आता संस्थेचे आहेत. आणि उगाच आकांडतांडव करू नकोस. पक्की घरं मिळतायत त्यांना. वर्षभराने तुला हात जोडतील."

मी चहाला हात लावला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं ज्या माणसासमोर मी चुकायला घाबरले, त्याला शिवी कशी द्यायची ते मला कोणी शिकवलंच नव्हतं.

मी संस्थेच्या मोठ्या साहेबांना लिहिलं. एकदा, दोनदा, मग रोज. हिवाळा सरून ऊन तापायला लागलं तेव्हा ते कंटाळले आणि आळीची फेरपाहणी करायचं ठरलं. दुसरी टीम जाणार, मी फक्त हजर राहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. तेवढ्यावरही मी हुरळून गेले. मावशीला फोन करून म्हणाले, या खेपेला सगळं नीट होईल. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. खारूताई म्हणाली नाही.

पुन्हा तोच ओटा, त्याच बायका. त्यांच्यामागे आळी दिसत होती. भट्ट्यांवर अजून छपरं नव्हती, पण मावशीचं चाक गाळातून बाहेर काढून धुतलेलं होतं. पाहणीला आलेली मुलगी नवीन होती, हसरी, हुशार. तिने चित्रं मांडली. पाणी, धान्य, घर, दवाखाना, शाळा, रस्ता, शेती. मी सातही चित्रं दोनदा बघितली.

तिने ओट्याच्या कडेच्या ढिगातून खडे उचलून वाटले. मावशीच्या जावेने विचारलं, "चाक कुठंय?"

"चाक नाहीये, काकू," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही घरावर टाका. बाकीचं मी शेऱ्यात लिहिते. काळजी करू नका."

तेच शब्द होते, त्याच क्रमाने. सांगताना तीही माझ्यासारखीच किंचित पुढे वाकली होती. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिलेलं असेल ते मला न बघता सांगता आलं असतं.

कोणी हललं नाही. सगळ्या मावशीकडे बघत होत्या आणि मावशी माझ्याकडे.

"तू सांग," ती म्हणाली. "टाकू का?"

मला बोलायची परवानगी नव्हती. परवानगी गेली खड्ड्यात. पण सांगायचं काय? टाका म्हटलं तर तो तक्ता त्याच टेबलावर जाणार. नको म्हटलं तर आळीच्या नावापुढे शून्य लागणार. गरज नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग कोणी त्यांना हलवणार नाही, पण कोणी एक पत्राही देणार नाही, आणि पावसाळा महिन्यावर आला होता.

"टाकलेत तर त्या खड्यांचं पुढे काय करतील मला माहीत नाही," मी म्हणाले. "नाही टाकलेत तर काहीच मिळणार नाही. छप्परसुद्धा नाही. मी आता कशाचीच हमी देऊ शकत नाही, मावशी."

मावशीने मुठीतले खडे एकदा बघितले.

"हे तेव्हा सांगायचं होतंस," ती म्हणाली.

ती रागावून बोलली नाही. मग ती उठली, ओट्याच्या कडेला गेली आणि आपले दहा खडे जिथून उचलून आणले होते त्या ढिगात टाकून आली. जाऊ उठली. एकेक करून बाकीच्या उठल्या. एक्केचाळीस बायकांचे खडे परत ढिगात पडायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी त्या सात चित्रांपाशी उभी होते. मग मावशी माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली आणि चाकाकडे गेली, कारण माती मळून ठेवलेली होती आणि ती वाळत होती.