घरच्या मंडळींचा हट्ट

शिंप्याने कापडं बेतायच्या टेबलासमोरचं स्टूल पायाने बाजूला सरकवलं, तेव्हा कुठे कुत्र्याला खोलीत वळायला जागा झाली. वासराएवढं जनावर, पण परक्या घरी आलोय याची पुरेपूर जाण असल्यासारखं पाय जपून टाकत होतं. खाली पडलेल्या चिंध्या हुंगून झाल्यावर त्याने एक सुस्कारा सोडला आणि फरशीवर अंग पसरलं.

टाकून दिलेल्या कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्थेच्या बाई त्याला घेऊन आल्या होत्या. फाइल मांडीवर ठेवून त्यांनी त्याचे गुण सांगायला सुरुवात केली. आधीच्या घरी तीन पोरं त्याच्या अंगावर लोळायची, कान ओढायची, पण पठ्ठ्या कधी गुरगुरला नाही. ते कुटुंब परदेशी गेलं आणि हा मागे राहिला. त्याला माणसांचं भारी वेड, म्हणून भरल्या घरातच द्यायचा असं संस्थेने ठरवलं होतं.

"मंडळी बाहेर गेलीय का?" बाईंनी विचारलं.

"हं," म्हणत शिंपी सुईत दोरा ओवू लागला. चाळीस वर्षं हेच करत आलेला माणूस, पण आज दोरा भलतीकडेच जात होता.

घोटाळा फोनवर झाला होता. घरच्या मंडळींना चालेल ना, असं बाईंनी विचारलं होतं. शिंपी जुन्या वळणाचा. बायकोला तो जन्मभर 'मंडळी' म्हणत आला. मंडळींचाच तर हट्ट, असं तो बोलून गेला. फोन ठेवल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की बाईंची समजूत घरात बरीच माणसं असल्याची झाली असणार. लगेच उलटा फोन करायला हवा होता. त्याऐवजी तो दोन दिवस फोनपाशी घुटमळला आणि मूग गिळून बसला. कुत्रा त्याला हवा होता, फार हवा होता.

बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून ओट्यावर पालथी घातलेली एकुलती एक कपबशी दिसत होती. त्यांनी काही विचारण्याआधी आपणच बोलावं, असं शिंप्याला वाटलं. पण कुत्र्याने त्याच्या पावलावर हनुवटी टेकली होती, आणि ते ओझं इतकं बरं वाटत होतं की तोंडातून शब्द फुटेना.

"ताई, मंडळी यायची नाही," तो अखेर म्हणाला. "माझी बायको. जाऊन दीड वर्ष झालं. घरात दुसरं कोणी नाही."

"पण मंडळींचा हट्ट आहे म्हणालात."

"होता. वीस वर्षं मागे लागली होती. मीच आडवा आलो. काळ्या कोटांना केस चिकटतील म्हणायचो."

शिंप्याने पाय न हलवता वाकून पट्टा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"न्या याला. पोरंबाळं असतील तिथे द्या. इथे दिवसदिवस कोणी बोलत नाही. त्याने काय पाप केलंय?"

बाईंनी पट्टा घेतला नाही. फाइल उघडून त्या एका रकान्यापाशी बराच वेळ थांबल्या, मग सावकाश काहीतरी लिहून त्यांनी कागद टेबलावर सरकवला. शिंप्याने चष्मा चढवला. 'भेटीच्या वेळी घरची मंडळी हजर नव्हती. त्यांची भेट होईपर्यंत कुत्रा तात्पुरता याच घरी ठेवावा.'

"नियमच आहे तसा," बाई म्हणाल्या. "मंडळी भेटल्याशिवाय आम्हाला पुढचा निर्णय घेता येत नाही."

त्याने ते पुन्हा वाचलं. सही कुठे करायची ते त्याला दिसेना, तेव्हा बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली. कागद फाइलमध्ये घालून त्या उठल्या आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"मंडळी आली की कळवा, काका."

"कळवतो," शिंपी म्हणाला.