बिनभाड्याचे भाडेकरू

सोहनशेठनी माझ्या हातातला मुंग्या मारायचा डबा पाहिला आणि ते दारातच थांबले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, कारण ओरडणाऱ्या माणसाशी मला छान भांडता येतं.

"पोरी, ते काय हाय?"

"स्प्रे," मी म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती. डब्यावर उताण्या पडलेल्या मुंगीचं चित्र होतं.

आमची कंपनी त्यांच्या किराणा दुकानाच्या गोडाऊनमध्ये आहे, आळेफाट्यावर, गुळाच्या ढेपा आणि पोह्यांच्या पोत्यांच्या मागच्या खोलीत. संयम त्यांचा नातू. तो आणि मी अवसरीच्या कॉलेजात एकत्र शिकलो, हिंजवडीत एकाच ठिकाणी नोकरीला लागलो आणि एकाच महिन्यात ती सोडून परत आलो. कंपनीचं नाव 'अर्धीगाडी'. ओतूरच्या एकाकडे मेथीच्या चार गोण्या असतात, बेल्ह्याच्या दुसऱ्याकडे दहा कॅरेट फ्लॉवर. तेवढ्यासाठी वाशीच्या मार्केटला टेम्पो कोण नेणार? अशा चार-पाच जणांची मोबाईलवर गाठ घालून आम्ही एक गाडी भरतो.

सुरुवातीला आमचं सगळं काम भाड्याच्या सर्व्हरवर चालायचं. गाड्या वाढल्या तसं त्याचं बिल वाढलं आणि कमाई तिकडेच जायला लागली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ही म्हण मी सोहनशेठच्या घरात म्हणत नाही. मग संयमने पुण्याच्या जुन्या बाजारातून एका बड्या ऑफिसने टाकून दिलेलं दणकट मशीन आणलं. त्यावर ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकलं, म्हणजे कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं, असं फुकटचं. आणि त्या एका मशीनच्या पोटात त्याने वेगवेगळी मशीनं तयार केली: एकात बुकिंग, एकात ड्रायव्हरांचे नकाशे, एकात हिशोब. माझ्या वडिलांना ते पटेना, तेव्हा मी म्हटलं, एका टेम्पोत पाच जणांचे कॅरेट जातात तसंच आहे. ज्याचा माल त्याचा, गाडी एक. तेव्हा कुठे आमच्या घरात शांतता झाली.

खोलीचं भाडं सोहनशेठ घेत नव्हते. अट एकच होती: गोडाऊनमध्ये जीव मरता कामा नये. उंदीरसुद्धा ते पिंजऱ्यात धरून ओढ्यापलीकडे सोडून येतात. मी हसत हसत हो म्हटलं होतं. थंडी पडली आणि मुंग्यांना आमच्या मशीनची ऊब सापडली. अंडी-पिल्लं घेऊन त्यांनी आत बिऱ्हाड थाटलं, आणि मशीन मधूनच बंद पडायला लागलं. आदल्या संध्याकाळी तर ऐन बुकिंगच्या वेळी पडलं. लगेच सोपानभाऊंचा फोन आला. आमच्याकडे सगळ्यात जास्त गाड्या त्यांच्या.

"ताई, तुमचं लई चांगलं हाय. पण बंद पडलेलं चांगलं काय कामाचं? अजून एकदा असं झालं तर मी आपला पयल्यासारखा फोनवर माल गोळा करीन."

ते गेले की बाकीचे गाडीवाले गेलेच. मग मी पहाटे उठून हिंजवडीच्या बसमध्ये. मला नव्हतं जायचं. सकाळी उठून आधी डबा घेऊन आले, समोरच्या दुकानातून, कारण सोहनशेठ तसलं काही विकत नाहीत.

"ह्या खोलीचं भाडं तुमी देता का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाही."

"त्या देत्यात का?"

"नाही, शेठ."

"मग मी काढायचं कुणाला? त्या माझ्याही आधीपासून हायेत हितं. भाडेकरूला काढायचं तर आधी नोटीस देत्यात, पोरी."

एवढं बोलून ते गल्ल्यावर जाऊन बसले. माझं डोकं फिरलं. मुंग्यांना नोटीस! मी तणतणत आत गेले आणि सगळं संयमवर ओतलं. त्याने पोत्यांखालून आमचं दुसरं मशीन ओढून काढलं. कधीतरी लागेल म्हणून घेऊन ठेवलेलं.

"त्या उबेला आल्यात. ऊब दुसरीकडे नेऊ," तो म्हणाला. "आतली मशीनं चालू ठेवून एका पेटीतून दुसऱ्या पेटीत नेता येतात. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे."

"तू कधी केलंयस?"

"नाही."

"बंद ठेवून का नाही न्यायची?"

"बंद कधी ठेवणार? संध्याकाळी बुकिंग, रात्री गाड्या रस्त्यावर, पहाटे मार्केट. दुपारी जरा काम कमी असतं, तेव्हा चालू ठेवूनच नेऊ."

दुपारी आम्ही दोन्ही मशीनं वायरने जोडत होतो, तेवढ्यात सोपानभाऊ स्वतः आले. बहुधा शेवटचं सांगायला. आम्ही काय करतोय ते संयमने त्यांना सांगितलं.

"म्हंजे चालत्या गाडीतनं चालत्या गाडीत माल टाकायचा?"

"हो."

"शेतकऱ्याला कळू न देता?"

"हो."

"मंग बसतो राव मी," म्हणून ते पोह्यांच्या पोत्यावर टेकले.

हिशोब गेला, नकाशे गेले. बुकिंग शेवटी. पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत गेली आणि शेवटाला येऊन अडकली. मी नखं खायला लागले. आत्ता पडलं तर सोपानभाऊ डोळ्यांसमोर उठून जाणार होते. मागे वळून बघते तर त्यांनी मोबाईल काढलेला. स्वतःच्याच गाडीत अर्धी जागा बुक करत होते.

"भाऊ, आत्ता नका ना," मी म्हटलं.

"आत्ताच बघायचंय."

पट्टी हलेना. मला खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग पट्टी पुढे गेली, आणि सोपानभाऊंचा मोबाईल वाजला. जागा मिळाली होती.

"कोन्त्या मशिनीनं दिली ही?"

"तुम्ही बटण दाबलं तेव्हा बुकिंग जुन्यावर होतं," संयम म्हणाला. "उत्तर आलं तेव्हा नव्यावर."

सोपानभाऊंनी मोबाईल उलटसुलट करून पाहिला. "मला तर कायच हाललेलं कळलं न्हाई," ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या दोन गाड्या आमच्यावर टाकून गेले. मला इतका आनंद झाला की मी संयमच्या पाठीत धपाटा घातला.

नवं मशीन आम्ही आधीच टेबलावर ठेवलं होतं. टेबलाच्या पायांभोवती चंदाबाईंनी, म्हणजे संयमच्या आजींनी, हळद पसरली. पाण्याच्या वाट्या नकोत म्हणाल्या, कुणीतरी बुडायचं. जुनं मशीन बंद करून उघडं ठेवलं. संध्याकाळपर्यंत एक मुंगी हलली नाही. डबा मी पिशवीत तसाच ठेवला होता.

सकाळी आले तर रांग लागलेली. तोंडात पांढरी अंडी धरून मुंग्या भिंतीच्या कडेने, उंबऱ्यावरून, मागच्या अंगणातल्या लिंबाकडे निघाल्या होत्या. सोहनशेठ उंबऱ्यापाशी पाटावर बसून प्रत्येक हमालाला सांगत होते, "पाय उचलून, पाय उचलून." पाठीवर गुळाची ढेप असलेला माणूसही पाय उचलून जात होता. मीही पाय उचलला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. माझा राग कधी गेला तेही कळलं नाही.

दुपारी डबा परत द्यायला गेले.

"लागू न्हाई पडलं का औषध?" दुकानदाराने विचारलं.

"उघडलंच नाही. नोटीस दिली, गेल्या."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पैसे परत दिले. त्या पैशांची मी सोहनशेठच्याच दुकानातून साखर घेतली. आपण काय करतोय ते कुणी बघत नाही ना, अशी खात्री करून मागच्या अंगणात गेले आणि लिंबाच्या बुंध्याशी पुडी मोकळी करायला लागले. माझ्या रागाचा तालुक्यात नावलौकिक आहे, तो असा घालवायचा नव्हता.

"येक बिऱ्हाड तर गेलं," मागून आवाज आला. सोहनशेठ दारात उभे होते. "आता तुमचं काय?"

नोटीस आम्हालाही आली की काय?

"आम्ही नाही जायचे, शेठ," मी म्हटलं. "इथेच राहायचंय आम्हाला."

त्यांनी माझ्या हातातल्या पुडीकडे पाहिलं.

"मंग सगळी तिकडं ओतू नको. थोडी चहाला ठेव."