रेषेपलीकडची खोली

"बाबा, मी झोपते ती खोली नक्की कोणाची आहे? आपली की बँकेची?"

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा आमच्या मुलीनं हा प्रश्न विचारला. मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. "हिंमत असेल तर घरी विचारून दाखव," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि हिंमतीचं म्हणाल तर आमच्या मुलीकडे ती पोतंभर आहे. आवाज तर असा, की घरात तिला सगळे भोंगा म्हणतात. बाबांचा घास हातातच राहिला. ते काय म्हणाले ते सांगतेच, पण आधी माझी ओळख करून देते, कारण ती खोली म्हणजे मीच.

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या घरातली अगदी शेवटची. मला एक खिडकी आहे, दाराच्या जागी पडदा आहे, आणि कोपऱ्यात एक ओलसर डाग आहे, ज्याची मला मनापासून लाज वाटते. मी विटांची होते तेव्हा गवंडी माझ्यात बसून डबे खात असत. मग मला गिलावा झाला, रंग लागला. आई-बाबा मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "उजेड बघा किती आहे. इथे सुईत दोरा डोळे मिटून ओवता येईल." आई घरी शिवणकाम करते. एवढं कौतुक माझं आधी कोणी केलं नव्हतं. मी हवेत होते. मला काय माहीत, की त्या उजेडासाठी हे दोघं वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणार आहेत.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. पहिला हप्ता भरून ते घरी आले आणि हसत म्हणाले, "चला, उंबरठा आपला झाला." आईनं लगेच कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू घेतला आणि उंबरठ्याच्या आत जमिनीवर एक रेष ओढली. रेषेच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं बँकेचं. तेव्हापासून या घरात ती रीतच पडली. कर्ज जसं फिटेल तशी दरवर्षी रेष आत सरकायची. फरशी पुसली की रेष पुसली जायची आणि आई ती पुन्हा त्याच जागी ओढायची. बैठकीची खोली आपली झाली त्या दिवशी बाबा मधोमध हातपाय पसरून आडवे झाले होते. पुढे स्वयंपाकघरही आपलं झालं आणि रेष माझ्या पडद्यापाशी आली. सुरुवातीच्या वर्षांत पाहुणे आले की बाबा सांगायचे, "जरा जपून बसा, ती खुर्ची बँकेची आहे." सगळे हसायचे, मीही हसायचे.

हळूहळू मला त्या हसण्याचा त्रास व्हायला लागला. कारण मी सगळ्यात शेवटी होते. बैठकीला नवा रंग लागला, स्वयंपाकघराला नव्या फरश्या आल्या. माझ्या भिंतीत वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपायला लागलं तेव्हा बाबा म्हणाले, "बँकेची भिंत आहे, बँक बघेल." तो विनोदच होता. पण पुढच्या वर्षीही त्यांनी तोच विनोद केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. विनोद करता करता त्यांना तो खराच वाटायला लागला होता. डाग वाढत गेला. मुलगी आपलं अंथरूण एकेक वीत सरकवत खिडकीपाशी आली. तिची पुस्तकं फुगली. वहीत तिनं काढलेली पुलांची चित्रं होती, त्यांचे खांब शाई पसरून पाण्यात बुडाल्यासारखे झाले. ती चिडली नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी माझ्या भरवशावर झोपते आणि मी तिला कोरडी जागासुद्धा देऊ शकत नाही.

हो, पूल. तिला पूल बांधायला शिकायचं आहे, आणि ते शिकवणारं कॉलेज दुसऱ्या गावी आहे. वर्षभर ती मला त्याच गोष्टी सांगत होती. मग बाबांची कंपनी बंद पडली. त्यांना नवी नोकरी मिळाली, पण पगार कमी. जुन्या कंपनीनं मात्र इतक्या वर्षांची देणी एकदम हातात ठेवली. त्या संध्याकाळी मुलगी माझ्या आरशासमोर उभी राहिली आणि चार-पाच वेळा पाठ केल्यासारखं म्हणाली, "मला नाही जायचं तिकडे. इथलंच कॉलेज बरं आहे." चेहरा नीट जमल्यावर ती बाहेर गेली आणि तेच आई-बाबांना सांगून आली. मला सगळं माहीत होतं. पण मी पडले खोली, मला बोलता कुठे येतं.

आता बाबांचं उत्तर. घास ताटात ठेवून ते म्हणाले, "रेषेपलीकडे आहे म्हणजे बँकेचीच की."

"म्हणजे मी इतकी वर्षं बँकेत झोपते? मग मला पगार कुठे आहे?" मुलगी म्हणाली.

आई हसली. जेवायला आलेला मामा तर इतका हसला की त्याला ठसका लागला. बाबा हसले नाहीत. ते माझ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बास झालं. याच आठवड्यात सगळं कर्ज भरून टाकतो. माझी पोर तिच्या स्वतःच्या घरात झोपेल."

मुलीचा चेहरा पडला. पैज जिंकली होती आणि ती ताटातला भात चिवडत बसली होती.

मामा एका दुकानात हिशोब बघतो. तो म्हणाला, "दाजी, घाई करू नका. कर्जाला व्याज आठ टक्के. मी सांगतो तिथे पैसे गुंतवा, बारा मिळतील."

"मिळतील की मिळालेत?"

"बाजार आहे तो. वर-खाली होणारच."

"वर-खाली होणाऱ्या गोष्टींवरच माझं पोट चालतं रे बाबा. म्हणून सांगतो, लिफ्टमध्ये शिरण्याआधी दोर बघावा. उद्या ही नोकरी गेली आणि हप्ता थांबला, तर तुझे बारा टक्के मला दार उघडून देणार आहेत का?"

आई ताटं गोळा करत होती. ती थांबली. "अहो, मग वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवा. सगळे पैसे भिंतीत का घालता? उद्या पोरीची फी भरायची वेळ आली तर भिंत खरवडून काढणार आहात?"

मित्रांनो, हे ऐकून मला कोसळून जावंसं वाटलं. आई खरं बोलत होती. माझ्यात आलेला पैसा मी कधीच परत दिलेला नाही. बाबांनी थंडीत दुरुस्त केलेल्या लिफ्ट, आईनं डोळे चोळत घातलेल्या शिवणी, सगळं मी गिळून बसले होते, आणि बदल्यात दिला होता एक डाग.

"कसली फी? ती नाही म्हणाली ना जायला," बाबा म्हणाले. "मग कोणासाठी राखून ठेवू?"

मुलगी उठली, माझ्यात आली आणि पडदा ओढून घेतला. डागाला पाठ टेकून ती बसली. मला तिला सांगायचं होतं, की अगं, तिथे ओल आहे, ड्रेस खराब होईल. आणि हेही सांगायचं होतं, की माझ्यासाठी तू खोटं बोलू नकोस. मी बँकेची राहिले म्हणून काही बिघडत नाही. मी आत्तासुद्धा तुझीच आहे.

मित्रांनो, तुम्हीही कुठल्यातरी खोलीत हे वाचत असाल. ती कोणाच्या नावावर आहे ते मला ठाऊक नाही. पण पूर्ण आपली झाली की मग तिच्याकडे बघू, असं म्हणू नका. माझी भिंत वाट बघत बघतच भिजली. आणि भिंतींइतकीच तुमच्या घरातल्या, सारखं "मला नकोच आहे" म्हणणाऱ्या माणसांकडेही नीट बघा.

बऱ्याच वेळानं मुलगी उठली. आज ती आरशासमोर गेली नाही. ओलसर पाठीनंच तिनं पडदा सारला आणि बरोबर त्या निळ्या रेषेवर जाऊन उभी राहिली, एक पाय घरात आणि एक पाय बँकेत.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. भोंगा असूनही आवाज अगदी हळू होता. "मला जायचं नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं. मी जाणार आहे. मला माहितीये की त्यामुळे रेष इथेच अडकेल, आणि मला त्याचं खूप वाईट वाटतंय, तरी मी जाणार आहे. वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवा, आई म्हणते तसे. माझी फी ठेवा. उरतील ते मामाला द्या, पण बाबा, आधी तुम्ही दोर बघा. आणि उद्या मी गवंडीकाकांना बोलावणार आहे, माझी भिंत दुरुस्त करायला. बँक काही येणार नाहीये."