घळीतल्या गावची

“गाव?” केसपेपरबाईनं मान वर न करता विचारलं.

खिडकीपलीकडून उत्तर आलं. “घळीतलं.”

रांगेतली एक बाई आपलं लेकरू घेऊन दोन पावलं मागे सरली. केसपेपरबाईचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. आवाज तिनं ओळखला होता. मान वर केली, तर समोर तिचा सख्खा थोरला भाऊ. सव्वीस वर्षांत पार म्हातारा झालेला. त्याच्या खांद्यावर नऊ-दहा वर्षांची मुलगी पोट दाबून कण्हत होती.

त्यानंही तिला ओळखलं. मग त्याची नजर तिच्या मागच्या स्टुलावर गेली. तिथे तिची सून बसली होती, सातव्या महिन्याच्या तपासणीला आलेली. घरच्यांपुढे बहीण ओळख देणार नाही, हे तो समजला. खाली बघत म्हणाला, “नात आहे, बाई. कालपासून पोट दुखतंय.”

घळीतल्या गावाबद्दल शहरात काय काय बोलत! तिथे म्हणे भावाबहिणींची लग्नं लागतात. पोरांना सहा-सहा बोटं, निम्म्यांना वाचाच नाही. सांगणाऱ्यांपैकी एकानंही ती घळ उतरून पाहिली नव्हती. केसपेपरबाईनं स्वतःचं लग्न ठरताना मामाचं गाव आपलं म्हणून सांगितलं होतं. खरं फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो गेल्यावर कुणालाच नाही. पोटच्या मुलालाही नाही.

शिपाई स्ट्रेचर घेऊन आला. “आधी बोटं मोजून घ्या हो,” तो डोळा मारत म्हणाला, “नंतर आमच्यावर आळ नको.”

रांगेतले हसले. सूनही हसली, आणि लगेच तिनं आपल्या पोटावर हात ठेवला.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टरीणबाई खिडकीजवळच्याच टेबलावर उभ्याउभ्या संमतीचा कागद भरू लागल्या.

“आईवडील नात्यातले?”

“मावसभावंडं,” भाऊ म्हणाला आणि घाईनं पुढे बोलला, “सख्खी नाहीत हो! बाहेरचं कोणी आम्हाला मुलगी देत नाही, आमची करूनही घेत नाही. मग पोरांनी करायचं काय?”

“मी दोष देत नाहीये, बाबा. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय? ऑपरेशननंतर श्वास परत न येणं, असं काही?”

“नाही.”

“नीट आठवा.”

“कुणाला काही नाही. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत.”

तो खोटं बोलत होता, आणि का बोलत होता तेही बाईला कळत होतं. घरातलं कुठलंही दुखणं बाहेर सांगितलं की लोक भावाबहिणींच्या लग्नांवरच येत. त्यांची मधली बहीण हात मोडला म्हणून दवाखान्यात नेली होती. भूल दिली, हाड बसलं, पण तिची छाती काही पुन्हा आपणहून हलली नाही. सतरा वर्षांची होती.

भूल देणारे डॉक्टर हातमोजे चढवत मुलीच्या स्ट्रेचरमागोमाग ऑपरेशनच्या खोलीत गेले. त्यांना एकट्याला गाठून कानात सांगता येईल म्हणून बाई उठली, तोवर दार बंद झालं. इकडे डॉक्टरीणबाईंनी कागद भावापुढे सरकवला. त्यानं पेन हातात घेतलं.

“थांबा.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “ह्यांच्या बहिणीला झालं होतं तसं. भूल दिल्यावर श्वास आलाच नाही. गेली ती.”

“तुम्हाला कसं माहीत?”

भावानं डोळ्यांनीच नको नको म्हटलं.

“मी तिची धाकटी. हा माझा दादा.”

शिपाई भिंतीकडे बघू लागला. डॉक्टरीणबाई मात्र केव्हाच दार ढकलून आत धावल्या होत्या. “ते इंजेक्शन बाजूला ठेवा,” त्यांचा आवाज बाहेर आला, “दुसरं काढा, दुसरं!”

मग दीड तास दार बंद होतं. भाऊ-बहीण बाकावर बसले.

“कशाला बोललीस? तुझं बरं चाललं होतं.”

“पोर गेली असती, दादा.”

त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. “मी सही करत होतो गं. लोक काय म्हणतील म्हणून सही करत होतो.”

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. “श्वास नीट चाललाय,” त्या म्हणाल्या. भावानं बसल्याबसल्याच त्यांच्यापुढे हात जोडले.

सून समोर येऊन उभी राहिली. “आई, आम्हाला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुझ्या वडिलांनी मुलगी दिली असती?”

सुनेनं नवऱ्याला फोन लावला, “मला माहेरी सोडायला ये,” एवढंच बोलली. जायला वळली, आणि थांबली. “त्या इंजेक्शनचं नाव लिहून द्या. तुमच्या मुलालाही कधी लागेल. आणि बाळाला.”

बाईनं आत जाऊन नाव लिहून आणलं. सुनेनं चिठ्ठी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. निरोप न घेताच ती पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी खिडकी ठरल्या वेळी उघडली. पहिल्या माणसानं जुना कागद बाईच्या हातात दिला नाही. कट्ट्यावर ठेवला आणि बोटं मागे घेतली. त्याच्या मागच्यानंही तेच केलं. बाईनं कागद उचलला, त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सपाट केला, आणि त्या माणसाचं नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं.