सोनेरी रेघेसाठी

मी टिटवी बोलतेय. माझ्या बोलण्याला सगळे ओरडणंच म्हणतात. आज ते खरंही आहे.

माझा जन्म बेंगळुरूबाहेर, देवनहळ्ळीजवळच्या नाचणीच्या शेतातला. पुढे प्लॉट पाडून त्या शेताचा लेआउट झाला. नाचणीच्या जागी खडी आली, बांधांच्या जागी चुन्याच्या रेघा आल्या आणि रस्त्याकडेला एक भव्य कमान उभी राहिली, जिच्यातून आत गेलं की काहीच नाही. आम्हाला ते बरंच पडलं. आम्ही टिटव्या उघड्या खडीतच अंडी घालतो. खडी कोणती आणि अंडं कोणतं हे ओळखू येत नाही, एवढंच आमचं कुलूप. यंदा मी कोपऱ्यावरच्या सत्तेचाळीस नंबरच्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, चार अंडी घातली.

इथले पहारेकरी कृष्णाजी, मूळचे निपाणीकडचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्याभोवती दगडांचं कडं केलं, म्हणजे खडीचा टिपर चुकून अंगावर येऊ नये. सावलीला बाभळीची एक फांदी टेकवली. "अक्का, वरडू नकोस, मीच हाय," असं ते रोज सांगायचे. मी रोज ओरडायचे. ओळखीच्या माणसाला सूट द्यायची पद्धत आमच्यात नाही.

माझ्या त्या साइटचे मालक दामोदरराव, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. पूर्वी निवृत्तीनंतर माणसाला मधुमेह व्हायचा, हल्ली कॅमेरा होतो. एप्रिलातल्या एका रविवारी ते आठ जणांना घेऊन आले. त्यांना शिकवायला निहार नावाचा तरुण होता. त्याची शिकवण अशी, की सूर्य प्राण्याच्या पाठीमागे ठेवायचा. मग प्राणी काळा होतो आणि त्याच्या कडेला सोनेरी रेघ उमटते.

यायचं ठरलं होतं सकाळी सातला. सातला ऊन कोवळं असतं, खडी गार असते. ते आले असते, मी ओरडले असते, ते गेले असते. पण हायवेवर थट्टे इडली आडवी आली. मग वडा. मग दुसरी कॉफी. दहा वाजले. बेंगळुरू थंड असतं म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलात दहा वाजता खडीवर पोट टेकून बघावं.

ऊन फार झालंय, असं दामोदरराव स्वतःच म्हणाले. कडक उजेडातच खरा कस लागतो, असं निहारने त्यांना समजावलं. मग दगड बरे दिसेनात म्हणून ते उचलले गेले. फांदी मध्ये येते म्हणून तीही गेली. सगळे पश्चिमेकडे ओळीने पालथे पडले.

अंड्यांवर बसून माझा तो सव्विसावा दिवस होता. आदल्या संध्याकाळी अंड्यांतून बारीक टकटक ऐकू आली होती. ऊन तापलं की आम्ही पंख फाकवून अंड्यांवर उभ्या राहतो; ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पण ते आले तशी मी ओरडत वर उडाले होते, आणि अंड्यांवर उतरायला लागले की मला पुन्हा उडवायला कोणीतरी उठून उभं राही, कारण उघड्या पंखांची रेघ जास्त छान येते.

कृष्णाजींना कळलं. ते आले आणि सूर्याच्या बाजूला असे उभे राहिले, की त्यांची सावली चारही अंड्यांवर पडावी.

"कृष्णाजी, स्वल्प बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय," दामोदरराव म्हणाले.

"साहेब, अंडी भाजतील."

"पाचच मिनिटं हो."

नोकरी प्लॉटवाल्या साहेबांची. कृष्णाजी बाजूला झाले. ती पाच मिनिटं तासभर चालली.

फोटो उत्तम आला म्हणे. येलहंक्यात दामोदररावांच्या सोसायटीत तो चार फुटांचा करून लावलाय. ते कृष्णाजींना मोबाइलवर दाखवायला आले होते, तेव्हा ऐकलं. मी काळी, कडा सोनेरी. अंडी अंधारात गेलीत, दिसतच नाहीत. खाली नाव दिलंय, 'मुक्त भरारी'. मी उतरायला बघत होते हो.

आज छत्तिसावा दिवस. पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर यायला हवी होती. त्या रविवारनंतर टकटक नाही. काल कृष्णाजी जवळ उकिडवे बसले. "अक्का, ऊठ आता. न्हाई व्हायचं त्यातनं काई." मला कळत नाही असं नाही. पण ऊन चढलं की पंख आपोआप फाकतात.

अजूनही कुणाला यायचंच असेल, तर आधी खाऊन घ्या, पण सातच्या आत या. आणि उभं राहायचंच असेल, तर सूर्याच्या बाजूला उभे राहा. फोटो वाईट येईल. येऊ दे.